मुलीच्या लग्नाला वडिलांची उपस्थिती

माझे मेहुणे श्यामसुंदर निगुडकर यांना कोणतेही काम दुसऱ्याने केलेले चालत नसे आणि स्वतः केलेले पुरेसे वाटत नसे. या दोन गोष्टींच्या मधल्या अरुंद पट्टीत माझ्या थोरल्या बहिणीने, शशिकलाताईने, आपला सगळा संसार केला.

भावोजी केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात कार्यकारी अभियंता होते आणि अंबाल्याहून बदली होऊन चंदीगडला आले होते. सरळ रस्त्यांचे, आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांचे ते शहर त्यांना पाहताक्षणी आवडले. आपल्याआधीच कोणीतरी आपल्यासारखा विचार करून ठेवला आहे, याचा थोडा मत्सरही त्यांना वाटला असावा. खात्याने देऊ केलेले क्वार्टर मात्र त्यांनी नाकारले, कारण त्याच्या एका दाराची चौकट काटकोनात नव्हती. त्याऐवजी त्यांनी सेक्टर बावीसमध्ये गुरबक्षसिंग सोढी या गृहस्थांच्या घराचा तळमजला भाड्याने घेतला. तेथील एकही चौकट काटकोनात नव्हती. परंतु घर सरकारी नसल्यामुळे त्या सर्व चौकटी त्यांना स्वतःच्या हाताने दुरुस्त करता आल्या, आणि पहिला हिवाळा फार समाधानात गेला.

कचेरीत हाताखालच्या लोकांमध्ये त्यांच्याइतका लोकप्रिय अधिकारी दुसरा नव्हता. आरेखकाने काढलेला नकाशा ते घरी आणून पुन्हा काढीत. कनिष्ठ अभियंत्याने केलेले मोजमाप स्वतः जागेवर जाऊन पुन्हा घेत. आपण काहीही केले तरी साहेब ते पुन्हा करणारच आहेत, हे ध्यानात आल्यावर त्या लोकांनी आधी काळजीपूर्वक काम करणे सोडले आणि मग कामच करणे सोडले. थंडीच्या दिवसांत ती मंडळी कचेरीसमोरच्या हिरवळीवर उन्हात बसून भुईमुगाच्या शेंगा सोलीत आणि साहेबांना दीर्घायुष्य चिंतीत.

मीही तंत्रनिकेतनातून शिकून बाहेर पडलेला माणूस आहे. पद्धतशीरपणाशी माझे वैर नाही. परंतु यंत्रामध्ये दोन भागांच्या मध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर यंत्र फिरत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते. भावोजी बहुधा त्या दिवशी वर्गाचा फळा नीट पुसत होते.

त्यांच्या थोरल्या मुलीचे, सुमेधाचे लग्न चंदीगडलाच झाले. त्या लग्नात मांडव, आचारी, पाणी, दिवे, विडे, सगळी खाती त्यांच्याकडे. अक्षतांसाठी लागणारे तांदूळही त्यांनी आठवडाभर आधीपासून भिंगाखाली निवडले होते. ‘अक्षत म्हणजे न मोडलेले,’ असे ते प्रत्येकाला सांगत. ‘तुकडा तांदूळ टाकायचा असेल तर त्याला अक्षता म्हणू नका.’

मुलीच्या आईने मंगलाष्टके पाहू नयेत, तोवर मागे तुळशीला पाणी घालीत बसावे, अशी आमच्याकडे जुनी प्रथा आहे. मुलीच्या वडिलांनी पाहू नयेत अशी प्रथा नाही. ती भावोजींनी सुरू केली. अंतरपाट धरला गेला तेव्हा ते वरपक्षाच्या बिऱ्हाडाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून नळाचा तरंगता गोळा दुरुस्त करीत होते. प्लंबर शेजारी उभा राहून त्यांना पाना देत होता. दिल्लीहून आलेल्या भटजींना दुपारची गाडी गाठायची होती, ते थांबेनात. शेवटी भावोजींच्या धाकट्या भावाने व भावजयीने कन्यादान केले. भावोजी ओल्या बाहीने मांडवात आले आणि अभिमानाने म्हणाले, “पाणी सुरू झाले.” तेव्हा सुमेधा सासरच्या नावाने हाक मारली तर वळून पाहण्याच्या अवस्थेला पोचली होती.

तिच्या लग्नाच्या छायाचित्रांत वडील एकदाच दिसतात. दूर कोपऱ्यात, पाठमोरे, स्टुलावर. सुमेधा कधी काही बोलली नाही. ती आईच्या वळणावर गेली आहे.

धाकटी उल्का मात्र कोणाच्याच वळणावर गेली नव्हती. ती लहानपणापासून उत्तरेत वाढली; मराठी सगळे समजे, पण रागावली की हिंदीत उत्तर देई, आणि ती पुष्कळदा रागावे. तिचे लग्न हवाई दलातल्या श्रीराम देवस्थळी या तरुणाशी ठरले. माघातला मुहूर्त निघाला. मी पुण्याहून आलो त्या संध्याकाळी भावोजी जेवणाच्या टेबलावर एक भला मोठा कागद पसरून त्यावर कामांचे चौकोन आणि बाण काढीत होते. धरण बांधताना काढतात तसा तो तक्ता होता. प्रत्येक चौकोनाखाली जबाबदार व्यक्तीचे नाव लिहिण्याची जागा होती आणि प्रत्येक जागी ‘श्या. नि.’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते.

उल्का समोर येऊन उभी राहिली.

“बाबा, एक पूछना था. तुम्ही माझ्या लग्नाला येणार आहात?”

भावोजींनी पेन्सिल खाली ठेवली. “हा काय प्रश्न झाला? लग्न मीच तर करतोय.”

“वही तो. ताईच्या लग्नाला तुम्ही नव्हता.”

“मी नव्हतो? अगं, ते लग्न—”

“टाकी के पास थे. मालूम है.” ती त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. “मला कन्यादानाला बाबा हवेत. काका नकोत. जमत नसेल तर आत्ताच सांगा; श्रीराम आणि मी कोर्टात जाऊन सही करून येतो. तिथला फ्यूज सरकारी असतो, तुम्हाला कोणी हात लावू देणार नाही.”

शशिताई स्वयंपाकघरातून आली आणि टेबलाशी उभी राहिली. ती परत आत गेली नाही, आणि एरवी ती नेहमी परत आत जात असे.

भावोजींनी तक्त्यावर हात ठेवला. “मग हे सगळे कोण करणार?”

“सोढी अंकल करतील, मामा आहेत, तुमच्या ऑफिसातले लोक आहेत. काय हवे ते तुम्ही सांगायचे. कसे करायचे ते सांगायचे नाही. और बताने के बाद देखने नहीं जाना.”

“म्हणजे सगळा देवावर हवाला?”

“देवावर नाही. सोढी अंकलवर.”

सोढी म्हणजे वरच्या मजल्यावर राहणारे घरमालक. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान चालवणारा, मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. कोणतेही काम अंदाजाने करायचे आणि ते बहुधा बरोबर यायचे, या त्यांच्या सवयीमुळे भावोजी त्यांच्याविषयी मनातून अढी धरून होते.

तरीही त्यांनी अट मान्य केली. तक्त्यावरची ‘श्या. नि.’ ही अक्षरे रबराने खोडली, अर्थात कागदावर डाग न पडेल अशा रीतीने, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून कामे वाटली. कचेरीतले दोन कनिष्ठ अभियंते या अनपेक्षित विश्वासाने इतके घाबरले की एकाने ताबडतोब रजेचा अर्ज दिला. माझ्या वाट्याला मामाचे काम आले: वधूला बोहल्यापर्यंत आणायचे आणि मागे उभे राहायचे.

“पावले जरा आखूड टाका,” भावोजी मला म्हणाले. “सुमेधाच्या वेळी तुम्ही—”

“तुम्ही पाहिलेत कधी?” मी विचारले.

ते तक्त्यावरच्या पुढच्या चौकोनाकडे वळले.

शेवटी सोढींची पाळी आली. मांडव, वीज आणि मुहूर्ताच्या वेळची व्यवस्था त्यांच्याकडे होती. भावोजींनी सुरुवात केली, “सोढी साब, हमारे यहाँ मुहूर्त से पहले हर मेहमान के हाथ में पीले चावल होने चाहिए. और वो चावल—”

टेबलाच्या पलीकडून उल्का खोकली.

त्या एका खोकल्याने जग किती ज्ञानाला मुकले याची कल्पना मला आहे. दाणा अखंड असावा, हळद किती लावावी, सावलीत का वाळवावे, ओंजळीत किती द्यावे, हे सगळे त्यांच्या ओठांपर्यंत आले आणि तेथून परत गेले.

“बस?” सोढी म्हणाले. “इतनी सी गल? तुसी फिकर ही ना करो जी. सब के हाथ में होंगे, गरमागरम.”

त्या शेवटच्या शब्दाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. आम्हाला वाटले, पंजाबी उत्साह आहे.

मग उल्काने हात पुढे केला आणि भावोजींनी कोठीच्या खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. ती तिने सोढींना दिली. सगळ्यांना हायसे वाटले. किल्ली देताना भावोजींचा चेहरा जितका पडायला हवा होता तितका पडला नाही, ही गोष्ट मी मनात नोंदवली. प्रत्येक किल्लीची दुसरी प्रत करून ठेवणारा माणूस होता तो.

लग्नाचा दिवस उजाडला. वसंत पंचमी नुकतीच होऊन गेली होती. ऊन कोवळे होते आणि सेक्टरातल्या मैदानावर मांडव उभा होता. भावोजींना व्हरांड्यात, मांडवाकडे पाठ करून, खुर्चीवर बसवण्यात आले होते. ते तिसऱ्यांदा दाढी करून आले होते, कारण एवढे एकच काम अजून त्यांच्याकडे होते.

“विनायकराव,” त्यांनी मला विचारले, “मांडवाचे दोर कोणत्या गाठीने बांधलेत?”

“मला माहीत नाही.”

“पाहून या.”

“मला पाहायची परवानगी आहे. तुम्हाला सांगायची नाही.”

“वाऱ्याची दिशा बदलली आहे.”

“मग वाराही तुमच्याच खात्याकडे आहे का?”

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने ते एरवी ओलसर सिमेंटकडे पाहत. पण उठले नाहीत. मला मान्य केले पाहिजे, टाकी दुरुस्त करण्यापेक्षा हे काम अवघड होते आणि त्याचे त्यांना प्रशिक्षणही नव्हते.

मुहूर्त जवळ आला. शशिताई प्रथेप्रमाणे मागच्या अंगणात तुळशीपाशी तांब्या घेऊन बसली. वर बोहल्यावर उभा राहिला, भटजींनी अंतरपाट धरायला लावला, मी उल्काला घेऊन आलो. पावले आखूड टाकली. भावोजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. सुमेधा सासरहून आली होती; ती समोरच्या रांगेत होती आणि वडिलांकडेच पाहत होती.

आणि मग तो वास आला. केशर, वेलदोडा आणि साजूक तूप.

सोढींच्या पत्नी आणि आळीतल्या चार बायका मोठमोठ्या पराती घेऊन मांडवात शिरल्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक द्रोण देऊ लागल्या. द्रोणातून वाफ निघत होती. वसंत पंचमीला त्यांच्या घरोघरी जो पिवळा गोड भात होतो, तो सोढींनी पहाटेपासून स्वतः उभे राहून आचाऱ्याकडून करून घेतला होता. लग्नात पाहुण्याच्या हातात तांदूळ द्यायचे ते खाण्यासाठी नसून नवरानवरीवर टाकण्यासाठी, ही कल्पना त्या अन्नदात्या माणसाच्या डोक्यात येण्याचे काही कारणच नव्हते. आणि ज्याला ते ठाऊक होते, त्याला ते सांगायला बंदी होती.

भावोजींनी आपल्या हातातल्या द्रोणात पाहिले.

“विनायकराव, हा भात आहे.”

“हो.”

“यात बेदाणे आहेत.”

“काजूही दिसतात.”

समोर वरमाई रत्नप्रभाबाई देवस्थळी द्रोण हातभर लांब धरून उभ्या होत्या, जसे कोणाचे तरी रडणारे मूल चुकून हातात आले असावे. त्यांचा आवाज मांडवभर ऐकू जाईल असाच होता. “या चंदीगडच्या अक्षता का? आमच्या सांगलीला पंगत बसल्यावर वाढतात.”

वरपित्यांनी तोवर एक घास घेतला होता.

भटजींनी पहिले मंगलाष्टक सुरू केले. भावोजींचा हात खिशात गेला आणि बाहेर आला तेव्हा त्यात कोठीची दुसरी किल्ली होती.

“कोठीत तांदूळ आहेत,” ते पुटपुटले. “चांगले, जुने. वेचायला फार वेळ नाही लागणार. हळद लावून कढईत मंद आचेवर फिरवले की वाळतील. मी आलोच.”

“मंगलाष्टके संपतील.”

“शेवटच्या दोनापर्यंत येतो. अक्षतांशिवाय लग्न म्हणजे काय, लोक काय म्हणतील? सगळ्यांसमोर हे असले—” त्यांनी पाऊल उचलले होते. मी तज्ज्ञ नाही, पण ते पाऊल आखूड नव्हते.

उल्का खाली मान घालून उभी होती. मुंडावळ्यांच्या आड तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मान न वळवता, अगदी हळू, तिने मला विचारले,

“मामा, बाबा गये?”

वडिलांना विचारले नाही. मला विचारले, जसे गाडी सुटली का हे फलाटावरच्या दुसऱ्या माणसाला विचारावे.

मी म्हणालो, “अजून नाही.”

भावोजींनी ते दोन्ही ऐकले. तिचा प्रश्न ऐकून ते थांबले. माझे उत्तर ऐकून, मला वाटते, त्यांना लाज वाटली. त्या ‘अजून’मध्ये सुमेधाचे लग्न होते, आणि ती समोर उभी राहून पाहत होती. त्यांनी हातातल्या किल्लीकडे पाहिले, मग ती माझ्या कोटाच्या खिशात टाकली. टाकताना खिशाच्या कडेची शिवण उसवली आहे हे त्यांच्या लक्षात आले आणि ते त्यांनी मला सांगितलेही. पण ते हलले नाहीत.

मग त्यांनी द्रोणातले एक शीत चिमटीत धरून उजेडाकडे केले. दोन्ही टोके तपासली. मग दुसरे घेतले.

“बासमती आहे,” ते म्हणाले. “एकही दाणा मोडलेला नाही. शिजवूनसुद्धा.” त्यांच्या आवाजात तक्रार होती, दोष सापडला नाही की त्यांना नेहमी वाटे तशी.

पहिले ‘सावधान’ झाले. मांडवात कोणाचाच हात उठेना. मराठी मंडळी एकमेकांकडे पाहत होती, पंजाबी मंडळी घास घेऊन पुढच्या श्लोकाची प्रसन्नपणे वाट पाहत होती. तेव्हा भावोजींनी चार शिते चिमटीत घेतली आणि मुलीच्या डोक्यावर टाकली. ती शिते जरीच्या काठाला चिकटली आणि तेथेच राहिली. चिकटणाऱ्या अक्षतांचा हा गुण शास्त्रात कोठे सांगितलेला नाही, पण मला तो उपयुक्त वाटला.

वधूपित्याने टाकल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. प्रत्येक ‘सावधान’ला मराठी हातांतून चार-चार शिते उडू लागली. अन्न असे टाकताना पाहून सोढींच्या पत्नी कळवळल्या, पण त्यांच्या पतीने त्यांना समजावले, “इनका रिवाज है. खाते भी हैं, फेंकते भी हैं.” एक बेदाणा रत्नप्रभाबाईंच्या पैठणीवर जाऊन बसला. “अक्षता खायची पद्धत आमच्याकडे नाही,” त्या म्हणाल्या.

“पडेल आता,” वरपिता म्हणाले. त्यांचा द्रोण रिकामा झाला होता.

खरी परीक्षा पुढेच होती. कन्यादानाला भावोजी आणि शशिताई पाटावर बसले. शशिताईच्या हातात पाण्याची झारी, खाली भावोजींची ओंजळ, तिच्याखाली श्रीरामची, आणि तिच्याखाली उल्काची. पाण्याची धार सुरू झाली आणि तेवढ्यात मांडवातले दिवे गेले, भटजींचा ध्वनिक्षेपक मेला. सोढी घाईघाईने पुढे आले.

“निगुडकर साब, फ्यूज उड गया.”

मांडवातल्या सगळ्या माणसांनी भावोजींकडे पाहिले. उल्काने नाही पाहिले. तिने फक्त आपली बोटे श्रीरामच्या ओंजळीच्या कडेने किंचित वर, वडिलांच्या हातापर्यंत नेली, जेणेकरून त्यांचा हात निघाला तर तिला आधीच कळावे. शशिताईने धार थांबवली नाही.

वीज, फ्यूज, तार यांविषयी चंदीगडमध्ये भावोजींहून अधिक जाणणारा माणूस त्या क्षणी त्या मांडवात नव्हता. सोढींची वीजविषयक पात्रता ट्रॅक्टरच्या बॅटरीपुरती मर्यादित होती. भावोजींचे खांदे उठण्याच्या बेताने पुढे झुकलेले मला दिसले. ओंजळीतले पाणी हलले.

“सोढी साब,” ते म्हणाले, “आप देख लीजिए.”

हे शब्द त्यांनी नोकरीच्या सगळ्या काळात कोणाला उद्देशून उच्चारल्याची नोंद नाही. मागे उभे असलेले कनिष्ठ अभियंते एकमेकांकडे पाहू लागले; त्यांचे हिरवळीवरचे दिवस बहुधा संपत आले होते.

“कौन सी तार डालूँ जी?” सोढींनी विचारले.

भावोजींनी तोंड उघडले. मग डोळे मिटले. “जो मिले,” ते म्हणाले.

पाण्याची धार अखंड चालू राहिली. उल्काची बोटे खाली आली. शशिताईच्या डोळ्यांतून आलेले पाणी झारीच्या पाण्यात मिसळले आणि तेही ओंजळीतून खाली गेले. कन्यादानात त्याचा निषेध नाही. दिवे लागले तेव्हा विधी पुरा होऊन भटजी पुढच्या श्लोकावर पोचले होते.

सोढींनी फ्यूजमध्ये कोणती तार घातली होती, ते मी नंतर जाऊन पाहिले. ट्रॅक्टरची होती. जाड, रुबाबदार, तिच्यातून सगळ्या सेक्टरची वीज गेली असती. मी भावोजींना त्या दिवशी काही सांगितले नाही. मुलगी सासरी गेली, पाहुणे पांगले, ते व्हरांड्यात त्याच खुर्चीवर बसून द्रोणातला उरलेला भात बोटांनी खात होते आणि सुमेधा त्यांच्या शेजारी बसली होती. ती त्यांना म्हणाली, “बाबा, उल्काच्या लग्नात छान दिसत होतात.” भावोजींनी मान हलवली. मग त्यांनी आपला द्रोण तिच्यापुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, त्यांनी स्वतःच फ्यूज उघडून पाहिला, माझ्या कोटाच्या खिशातून किल्ली काढून घेतली, कोठीतून योग्य जाडीची तार आणली आणि फ्यूजमधली ट्रॅक्टरची तार बदलली. मग आत आले आणि माझ्या कोटाच्या खिशाची शिवणही घालून दिली. एका लग्नात माणूस बदलून बदलून किती बदलणार?